एसी जरा कमी कर

भेस्तान, सुरत
३ एप्रिल

चि. जयश्रीस, अनेक आशीर्वाद.

तुझी डबी भिंतीवर बसली. विकास नावाचा फिटर आला होता. एसीशेजारी पांढरी, साबणाच्या वडीएवढी ती वस्तू त्याने चिकटवली, तिच्यावर आकडा उजळला आणि मला म्हणाला, "मासी, हवे तमारे कंई करवानुं नथी. बधुं बेनना मोबाईलमां." म्हणजे एसी आमच्या भिंतीवर आणि त्याचा कारभार तुझ्याकडे पुण्यात. मी त्याला विचारलं, मला थंडी वाजली तर मी काय अर्ज करू का? तो हसला. मी गंमत करत नव्हते.

हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवते आहे, त्याचं कारण तुझे आप्पा. मी फोनवर बोलायला लागले की ते शेजारी येऊन बसतात आणि "कोनी चुगली करी ऱ्हायनी?" म्हणून विचारतात. एकदा मनात बसलं की संध्याकाळपर्यंत जेवत नाहीत. कागदावर लिहिताना मात्र त्यांना वाटतं मी शाळेचे पेपर तपासते आहे, आणि ते पाय न वाजवता चालतात. उधन्याच्या मराठी शाळेतून मी रिटायर झाले हे त्यांच्या गावी नाही, ते एका परीने बरंच आहे.

त्यांचं विसरणं आहे तसंच आहे. गारव्याने झोप चांगली लागते. उठल्यावर हल्ली अहिराणीतच बोलतात. तू लहान असताना मी घरात अहिराणी बोलू दिली नाही, पोरीचं मराठी बिघडेल म्हणून. आता ते सगळं उसनं एकदम फेडताहेत. गोधडी मागतात. एप्रिलमध्ये, सुरतेत, गोधडी. मी काढून दिली.

बाकी ठीक. दुपारी फिरून येतो म्हणतात, म्हणून दाराला आतून कडी घालते. काळजी नसावी.

तुझी आई


पुणे
७ एप्रिल

प्रिय आई,

तुझं अक्षर बघून हात आपोआप पुढे झाला, छडी खायला. पत्र दोनदा वाचलं. असंच लिहीत जा, मीही ऑफिसातून आल्यावर निवांत टाइप करून पाठवत जाईन.

आता भांडणाचं. आई, मला इथे सगळं दिसतं. डबी कधी चालू, कधी बंद, खोली किती तापली, सगळ्याची रेघ निघते. रोज जेवणं झाली की तू एसी बंद करतेस आणि चार वाजेपर्यंत खोली एकतीस-बत्तिसावर जाते. एकही दिवस चुकलेला नाही. तुझी वीज वाचवायची सवय मला माहीत आहे. पंख्याखाली माणूस नसला की तू पंखा बंद करायचीस, आणि माणूस असला तरी विचारायचीस, लागतो का म्हणून. पण इथे ती नको.

मागच्या मे महिन्यात आप्पा उन्हाने चक्कर येऊन पडले, सलाईन लावावं लागलं, ते मी विसरलेले नाही. डॉक्टर काय म्हणाले? या वयाच्या आणि अशा आजाराच्या माणसाला तहान लागलेली कळत नाही, उकाडा सांगता येत नाही, म्हणून खोली गार ठेवा. ती डबी मी शोभेला लावलेली नाही. ते पडले तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि तुझे फोन बघितले नव्हते. पुन्हा तसं व्हायला नको, एवढंच.

म्हणून आजपासून चोवीसवर लॉक केला आहे. तुझ्याकडचं बटण आता चालणार नाही. भिंतीवरचं मोठं बटण बंद करायचं तुझ्या डोक्यात येईल, मी तुला ओळखते. ते केलंस तर माझ्याकडे संपर्क तुटल्याचा निरोप येतो आणि माझा जीव खाली-वर होतो. माझी शपथ आहे तुला.

रागावू नकोस.

जयू


भेस्तान
१२ एप्रिल

चि. जयू,

शपथ घालायची काही गरज नव्हती. आता घातलीस तर पाळते. ज्या घरात मी तुला बाराखडी शिकवली त्या घरात मला एक बटण दाबायची परवानगी नाही, हे मी शेजारच्या मनीषाबेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरलाबेन, नसीबदार छो, दीकरी केटली काळजी राखे छे." गुजराथी माणसाला भांडण सांगायला जावं तर ही गत.

वीज वाचवायला मी एसी बंद करत नव्हते एवढं लिहून ठेवते. का करत होते ते सगळं कागदावर मांडण्यासारखं नाही. माणसाच्या काही गोष्टी त्याच्या बायकोजवळच राहाव्यात.

फक्त एक कर. आप्पांना दुपारचं सोसत नाही. जेवण झालं की फार बेचैन होतात, उठबस करतात, माझ्याकडे बघतात आणि दुसरीकडे बघतात. तेव्हा दुपारी बारानंतर तेवढा एसी जरा कमी कर. लॉक राहू दे, तुझं समाधान. पण कमी कर. तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागते आहे, तर नाही म्हणू नकोस.

कैऱ्यांचा तक्कू केला आहे. येणारं कोणी असलं तर पाठवते.

आई


पुणे
१४ एप्रिल

प्रिय आई,

पत्र वाचून इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं होतं तू अबोला धरशील. उकाडा त्यांना सोसत नाही हे तुझं तुलाच दिसलं, बरं झालं. लगेच केलं. आता रोज बारापासून संध्याकाळपर्यंत वीसवर राहील, आपोआप. तुला काहीच करायचं नाही.

आणखी कमी हवा असेल तर मोकळेपणाने सांग. अठरापर्यंत जातो.

तक्कू ठेव माझ्यासाठी.

जयू


भेस्तान
१८ एप्रिल

चि. जयू,

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मी "सापडले, सापडले" एवढंच म्हणत होते. आप्पा समोर होते. आता ते झोपलेत, सगळं लिहिते.

परवा दुपारी मी न्हाणीघरात कपडे भिजवत होते. गोधडी पांघरून ते पुढच्या खोलीत बसले होते. दाराला कडी होती. मला वाटायचं की कडी काढायचं त्यांच्या लक्षात येणार नाही. मी बाहेर आले तर दार सताड उघडं. मनीषाबेन गॅलरीतून ओरडल्या, "काका तो रिक्षामां बेसीने गया." मी अनवाणी रस्त्यावर गेले. कोणती रिक्षा, कुठे, काही नाही. भर उन्हात मी त्या गल्लीत उभी होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता हा माणूस मला परत दिसणार नाही.

ते उधना स्टेशनवर होते. ज्या रिक्षात बसले तिचा ड्रायव्हर दोंडाईच्याकडचा निघाला, भटू त्याचं नाव. आप्पा त्याच्याशी अहिराणीत बोलले, म्हणून तो त्यांना बिनघोर घेऊन गेला. त्यांना सोडून निघाला आणि त्याच्या मनात आलं, एवढ्या तापत्या दिवसात हे बाबा गोधडी का पांघरून बसलेत? परत गेला. आप्पा बाकड्यावर नंदुरबारच्या गाडीची वाट बघत होते. त्याने विचारलं, बाबा, कुठे चाललात? तर म्हणाले, "गहूले पानी भरनं शे. माय वाट देखी ऱ्हायनी." थंडीत रात्रीचं पाणी भरायला जायचं होतं त्यांना, शेतात. भटूने त्यांना चहा पाजला, मी त्यांच्या खिशात ठेवते त्या कार्डावरचा नंबर लावला आणि घरी आणून सोडलं. मी त्याच्या पाया पडायला गेले, तो लाजून मागे सरला.

मग मी डबीकडे बघितलं. वीस.

जयू, अगं, मी "एसी कमी कर" म्हटलं. एसी कमी करणं म्हणजे गारवा कमी करणं. आकडा वाढवायचा असतो. आपण जन्मभर असंच बोलतो ना, पंखा कमी कर, गॅस कमी कर. तू आकडा कमी केलास. तुझ्या मशीनच्या भाषेत तू बरोबर, माझ्या भाषेत मी बरोबर, आणि मध्ये ते उधन्याला पोचले. चूक तुझी नाही. मी अर्धं लिहिलं, ती माझी चूक. उरलेलं अर्धं आता लिहिते.

खोली गार झाली की तुझे आप्पा पोरगे होतात. खानदेशातली थंडी त्यांच्या अंगात शिरते. अहिराणी तिथूनच येते. मग या घरात त्यांचं कोणी नसतं. एसी घेतला त्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मला म्हणाले, "बाई, तू कोन शे? मनी माय कथी गई?" मी त्यांना पाणी दिलं आणि ओट्याशी जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी एसी बंद केला, खोली तापली, अंगाला घाम आला, आणि ते म्हणाले, "सरला, डबा भर, दुसरी पाळी आहे." मला नावाने ओळखलं. तेव्हापासून मी रोज बंद करत होते.

हे तुला कसं लिहायचं होतं? नवरा मला ओळखत नाही हे मुलीला कळवायला माझा हात धजला नाही.

आई


पुणे
२० एप्रिल

आई,

लॉक काढला आहे. सगळी बटणं तुझ्याकडे. मी इथून फक्त बघेन, हात लावणार नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून मी स्वतःला किती वेळा शिव्या घातल्या. "अठरापर्यंत जातो" असं मी लिहिलं होतं. हौसेने.

पण आई, आता माझं ऐक. हे आपल्या हातात राहिलेलं नाही. या वेळी भटू भेटला. पुढच्या वेळी नाही भेटला तर? तू एकटी, तुझे गुडघे असे, आणि ते निघाले तर तुझ्यापेक्षा जोरात चालतात. इथे पुण्यात अशा माणसांसाठी एक केंद्र आहे. चोवीस तास माणसं असतात, नर्स असते, दार आतून उघडत नाही. सगळ्या खोल्या गार असतात, उन्हाचा प्रश्नच नाही. मी जाऊन बघून आले. नाव घालून ठेवलं आहे. तू माझ्याकडे राहशील आणि रोज त्यांना भेटायला जाशील.

गरमीत ते बरे असतात असं तुला वाटतं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, असं काही ऐकिवात नाही, योगायोग असेल. आणि बरे वाटतात म्हणून बत्तिसाच्या खोलीत बसवलं तर मागच्या मेसारखं होईल. खरं सांगू? मला ते ओळखीचे असण्यापेक्षा जिवंत असलेले जास्त हवेत.

दहा मेच्या सुमारास सुट्टी काढून येते. तेव्हा घेऊन जायचं ठरवू.

जयू


भेस्तान
२५ एप्रिल

चि. जयू,

"ओळखीचे असण्यापेक्षा जिवंत" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या बाजूने ते खरं आहे. माझ्या बाजूने नाही. मी ज्या माणसाबरोबर राहते त्याने मला बाई म्हणून हाक मारली, तर मी कोणाची सोबत करते आहे?

डॉक्टरांचंही मी टाकत नाही. मी स्वतः जाऊन भेटले. त्यांना म्हटलं, योगायोग असेल, पण रोजचा योगायोग असेल तर मला तो वापरू द्या. ते म्हणाले, अठ्ठावीसपर्यंत चालेल, पण पंखा हवा आणि तासातासाला पाणी हवं. मी ताक, लिंबूपाणी, कैरीचं पन्हं असं फिरवून देते. तहान त्यांना कळत नाही, पण कामात गुंतलेल्या माणसाला बायकोने पेला पुढे केला तर तो पितो. एवढं त्यांच्यात शिल्लक आहे.

तू म्हणशील अठ्ठावीसला काय होतं. ते त्यांच्या जुन्या, सचिन गावच्या मिलमध्ये असतात. कापड सुकवायच्या त्या मोठ्या गरम मशीनवर. सोफ्याच्या पाठीवरची चादर दोन्ही हातांनी ताणून धरतात, कड सरळ आहे का बघतात. साहेबाला हिंदीत शिव्या देतात, हळू आवाजात. मध्येच माझ्याकडे बघून म्हणतात, "तू इथे कशाला आलीस, भट्टी लागेल तुला." हे लिहिताना मला हसू येतं. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा मला त्यांच्याशी बोलायला वेळच मिळाला नव्हता. ते पाळ्या करायचे, मी डी.एड. करत होते. आता दुपारभर समोर असतात.

आणि ते कुठे जायला बघत नाहीत. पाळी संपल्याशिवाय माणूस मिल सोडून जाईल कसा? तरी दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवून घेतली आहे, आणि मनीषाबेन दुपारी भाजी निवडायला आमच्याकडे येतात.

तू ये. केंद्राचं ठरवायच्या आधी एक दुपार आमच्याजवळ बस. मग तू म्हणशील ते मी ऐकेन. हे मी लिहून देते आहे, आणि माझं लिहिलेलं मी फिरवत नाही.

आई


पुणे
१३ मे

प्रिय आई,

गाडीत एक शब्द सुचला नाही. घरी आल्यावरही दोन दिवस गेले.

तू म्हणालीस तसंच सगळं होतं. आप्पा चादर ताणत होते. पन्हं प्यायले. तुला म्हणाले, "सरला, बस जरा." आणि तू बसलीस. तुझ्या तोंडावर जे होतं ते मी तुझ्या तोंडावर कधी बघितलेलं नाही. मला वाटलं, मी खोलीबाहेर जावं.

मग त्यांनी मला बघितलं. नीट बघितलं. आणि माझ्याशी हिंदीत बोलले. "बैठिए बहनजी." तुला म्हणाले, पाहुण्या आल्यात, चहा ठेव.

मी हसले, तूही हसलीस. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तुला कळलं असेलच, तू दार वाजवलं नाहीस. त्यांच्या त्या मिलमध्ये माझा अजून जन्मच झाला नव्हता, आई. ते मला विसरलेले नाहीत, त्यांना मी अजून झालेलीच नाही. हे मी स्वतःला समजावते, पण समजावून रडू थांबत नाही.

रात्री तू झोपल्यावर मला वाटलं होतं, ठरलं, घेऊन जायचं. मलाही ओळखत नाहीत तर इथे काय आणि तिथे काय. खरंच असं वाटलं, थोडा सूडही होता त्यात. पण परत आल्यावर मी त्या केंद्रात पुन्हा गेले. कागदावर सही करायला गेले होते. तिथे एकच मोठं मशीन आहे, सगळ्या मजल्यांचा गारवा एक. मी विचारलं, एखादी खोली जरा उबदार ठेवता येईल का? बाई म्हणाल्या, तसं करता येत नाही, सगळ्यांना एकच. तिथे एक म्हातारे शाल घट्ट ओढून दाराकडे बघत बसले होते. आप्पा तिथे कायम गव्हाला पाणी भरायला निघालेले राहतील, आणि दार उघडणार नाही.

मी नाव काढून टाकलं. ते तुझ्याजवळच राहतील.

जूनपासून महिन्यातून दोनदा येईन. दुपारी एक बाई मदतीला ठेवू, तू नाही म्हणू नकोस. मला ओळखलं नाही तरी चालेल. पाहुणी म्हणून येईन, चहा पिईन.

जयू


भेस्तान
२१ मे

चि. जयू,

बाई मिळाली. अनुसया नाव आहे, साक्रीकडची. दुपारी येते. आप्पांनी तिला मिलमध्ये कामाला लावलं, चादरीचं दुसरं टोक ती धरते.

तू गेल्यापासून माझ्या मनातून "बहनजी" जात नव्हतं. मी त्या डबीसमोर उभी राहून विचार करत होते. थंडीत ते पोरगे, गरमीत ते तरणे. मग माझी जयू कुठे आहे? मध्येच कुठेतरी असणार. मग आठवलं, तू शाळेत जायला लागलीस त्या उन्हाळ्यात आपण पहिला कूलर घेतला होता. तो वाळ्याचा, ओला वास येणारा. तुझे आप्पा पाळीवरून आले की त्याच्यासमोर बनियनवर बसायचे आणि तुला पाढे म्हणायला लावायचे. ती हवा काही मिलची नव्हती आणि शेतातलीही नव्हती.

बाजारातून वाळ्याचा पडदा आणला. पाणी मारून खिडकीला लावला. डबी सव्वीसवर ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी नुसतेच झोपले. मी म्हटलं, सरलाबाई, डॉक्टर म्हणतात तेच खरं, तुम्ही उगाच डोकं चालवता.

काल पडदा पुन्हा भिजवला. पाचच्या सुमाराला ते उठून बसले, दाराकडे बघितलं आणि मला मराठीत म्हणाले, स्वच्छ मराठीत, पोरीचं बिघडू नये म्हणून मी त्यांना जसं बोलायला लावायचे तसं: "जयू अजून आली नाही का गं?"

मी म्हटलं, येईल. ते उठले, चपला घातल्या. मी घाबरले, पण कुठे जाताय असं नाही विचारलं, बरोबर गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे उभं राहून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. म्हणाले, "पोर एकटी येते, ट्रक फार आहेत." बराच वेळ उभे राहिले. पाय दुखायला लागले तरी हलेनात. शेवटी मी हात धरून परत आणलं. तेव्हा मला हेही कळलं की सव्वीसला माझं नाव सरला नसतं, जयूची आई असतं. असू दे. मला चालतं.

आता दुपारी अठ्ठावीस असतं, ते माझं. पाच वाजता मी सव्वीस करते, ते तुझं. तुझ्या मोबाईलवर तुला दिसेलच. दिसलं की कामात असलीस तरी दोन मिनिटं काढ आणि फोन कर. ते दारात उभे असतात. चुगलीचं काही म्हणणार नाहीत, मी फोन त्यांच्याच हातात देईन. तू फक्त एवढंच सांग त्यांना, की शाळा सुटली.

आई